सगोत्र सोयरीक

गोव्यात विजेचा विषय निघाला की हल्ली एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. आपल्याकडे समुद्र आहे, समुद्रावर वारा आहे, पाण्यात लाटा आहेत. मग पेडण्याच्या किनाऱ्यापासून थोडे आत तरंगते मचाण उभारावे, त्यावर पवनचक्की बसवावी, खाली लाटांवर चालणारे यंत्र लावावे आणि दोन्हींची वीज एकाच केबलने केरी-हरमलच्या बाजूला उतरवावी. वारा पडला तर लाटा असतील, लाटा ओसरल्या तर वारा असेल. कोळसा नको, जंगल तोडायला नको, कोणाची जमीन घ्यायला नको. परिसंवादात ही कल्पना रंगीत चित्रांसह येते, ग्रामसभेत ती "सरकारला हे का सुचत नाही?" अशा सात्त्विक संतापाने येते. ऐकणारा मान डोलावतो, कारण तिच्यात न पटण्यासारखे वरवर तरी काही नाही.

माझे म्हणणे असे की गोव्याच्या समुद्रापुरती ही कल्पना चुकीची आहे. तंत्रज्ञान अपुरे आहे किंवा पैसा कमी पडेल, ही कारणे दुय्यम. मूळ गृहीतच इथे लागू पडत नाही. पण पूर्वपक्ष लंगडा करून पाडण्यात काही पुरुषार्थ नाही, म्हणून आधी त्याची बाजू पुरती मांडतो.

ती बाजू भक्कम आहे. २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचा हिशेब मांडला. नुसत्या समुद्री पवनचक्क्या ठेवल्या तर वर्षातले हजाराहून अधिक तास वीज शून्यावर येते, नुसती लाटांची यंत्रे ठेवली तर दोनशेहून अधिक तास, आणि दोन्ही एकत्र ठेवली तर हे शून्याचे तास शंभराच्याही आत येतात. याचे कारण लाटेच्या जन्मात आहे. पॅसिफिकमधली लाट किनाऱ्यापासून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूरच्या वादळात उठते आणि किनाऱ्यावरचा वारा पूर्ण पडल्यावरही येत राहते. म्हणजे वारा आज कमावतो आणि लाट दोन दिवसांनी. शिवाय केबल एक, उपकेंद्र एक, दुरुस्तीच्या बोटी त्याच, परवान्यांची फरफट एकदाच. डेन्मार्कमध्ये 'पोसायडन' नावाचे ३७ मीटर रुंदीचे तरंगते यंत्र २००८ पासून समुद्रात चाचणीला उतरवले होते. लाटांवर चालणाऱ्या त्या यंत्रावर पुढे तीन लहान पवनचक्क्याही बसवल्या, आणि दोन्हींची वीज एकाच तराफ्यावरून किनाऱ्यावर नेता येते हे दाखवून दिले. तेव्हा ही कल्पना हवेतली आहे असे कोणी म्हणू नये.

गोव्यात ती इतकी गोड वाटण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला मान्य आहे. हे राज्य आपल्या गरजेची वीज जवळपास सगळीच बाहेरून आणते. कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा दूरच्या औष्णिक केंद्रांतून ती येते. त्या विजेसाठी नवी ४०० किलोव्होल्टची वाहिनी धारवाडकडून मोल्याच्या अभयारण्यातून आणायचे ठरले तेव्हा २०२० मध्ये विद्यार्थी, शास्त्रज्ञ, गावकरी रस्त्यावर उतरले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने पुढे त्या मार्गाबद्दल हरकत घेतली. त्या आंदोलनातून एक रास्त प्रश्न उरला: मग वीज आणायची कुठून? 'समुद्रातून' हे उत्तर त्या पोकळीत अलगद जाऊन बसले. २०५० पर्यंत शंभर टक्के अपारंपरिक ऊर्जा, हे राज्याने जाहीर केलेले उद्दिष्टही त्याला पूरक ठरले.

आता खंडन.

कॅलिफोर्नियाचा निष्कर्ष हा जगातल्या सगळ्या किनाऱ्यांचा निष्कर्ष नव्हे, हे त्याच वर्षी आयर्लंडमधल्या संशोधकांनी आपल्याच बेटावर दाखवले. आयर्लंडच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर अटलांटिकमधल्या लांबच्या वादळांच्या लाटा येतात, त्यामुळे तिथे वारा व लाट यांचा मेळ कमी आणि जोडीचा फायदा जास्त. पूर्व किनाऱ्यावर समुद्र अरुंद, लाट तिथल्याच वाऱ्याने उठवलेली. तिथे दोन्ही एकदमच वाढतात आणि एकदमच पडतात, म्हणून जोडी लावून हाती फारसे काही येत नाही. एकाच बेटाच्या दोन कडांना दोन उत्तरे. तेव्हा "वारा आणि लाट एकमेकांना पूरक असतात का?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या समुद्रात आणि कोणत्या महिन्यात, हे विचारावे लागते.

अरबी समुद्राचे उत्तर पेडण्यातला कोणताही रापणकार न विचारता सांगेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात नैर्ऋत्येचा मोसमी वारा धरतो. तोच वारा शेकडो मैलांच्या पाण्यावर घासत येऊन लाटा उभ्या करतो. म्हणजे इथला वारा आणि इथली लाट एकाच बापाची. सप्टेंबरअखेर तो परतला की दोघे बरोबरच घर सोडतात. नंतरचे आठ महिने सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा, आणि पाणी तळ्यासारखे नसले तरी तळ्याच्या जवळपास. लग्न ठरवताना आपल्याकडे गोत्र विचारतात. वारा आणि लाटांची सोयरीक लावणाऱ्यांनी गोव्यापुरते ते विचारलेले नाही.

थोडा हिशेब करू, कारण या वादात विशेषणे फार आणि आकडे कमी असतात. खोल पाण्यातल्या लाटेची ताकद काढायची ढोबळ रीत सोपी आहे: उंचीचा वर्ग करा, दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणा, त्याचे निम्मे करा. किनाऱ्याला समांतर दर मीटरमागे तेवढे किलोवॅट. पावसाळ्यात लाट दोन मीटरची आणि नऊ सेकंदांची धरली तर मीटरमागे १८ किलोवॅट येतात. दिवाळीनंतर पाऊण मीटरच्याही आतली, म्हणजे ०.७ मीटरची, आठ सेकंदांची धरली तर जेमतेम २. हा माझा कागदावरचा खेळ नव्हे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील व्ही. सनील कुमार यांनी भारताच्या किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातही वर्षाची सरासरी मीटरमागे ८ किलोवॅटच्या आत राहते, आणि पश्चिम बाजूला जून ते सप्टेंबरमध्ये तीच १५ ते १९ च्या घरात जाते. वर्षाची सरासरी म्हणजे चार महिन्यांचा पूर आणि आठ महिन्यांची ओहोटी यांची बेरीज करून बाराने भागणे. पंखा आणि फ्रीज सरासरीवर चालत नाहीत.

वाऱ्याचे गणित याहून कठोर. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते आणि घनानेच पडते. पावसाळ्यातला सेकंदाला आठ मीटरचा वारा हिवाळ्यात चारवर आला तर ताकद निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. मोठी पवनचक्की पूर्ण क्षमतेला पोचते ती साधारण बारा मीटरच्या वाऱ्यात. चार मीटरच्या वाऱ्यात तिचे पाते फिरताना दिसते, पर्यटक फोटो काढतात, पण मीटरवर काही चढत नाही. म्हणजे जुलै ते डिसेंबर असा वर्षाचा उतार पाहिला तर लाट नवव्या हिश्श्यावर आणि वारा आठव्या हिश्श्यावर, आणि तेही एकाच वेळी! ज्या महिन्यात एकाला आधार हवा त्याच महिन्यात दुसरा अंथरुणाला खिळलेला.

यावर "युरोपातही दोन्ही हिवाळ्यातच जास्त असतात, तरी ते करतातच ना?" असा प्रतिप्रश्न येतो. प्रश्न चांगला आहे. पण युरोपात विजेची आणि उष्णतेची मागणीही हिवाळ्यातच चढते. समुद्र भरभरून देतो तेव्हा घरांना हवे असते. गोव्यात नेमके उलटे. इथे मागणीचे शिखर एप्रिल-मेमध्ये येते, जेव्हा घाम थांबत नाही, घरोघर एसी चालू असतात आणि वाऱ्याचा पत्ता नसतो. किनारी भागात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यातली हॉटेले, शॅक, भाड्याची घरे तेव्हा भरलेली. मग मे संपता संपता शॅकवाले बांबू, झावळ्या, टेबले, फ्रीज सगळे आवरून आत नेतात, कारण समुद्र येणार असतो. ज्या आठवड्यात शॅकचे वीजमीटर बंद होते त्याच आठवड्यात या प्रस्तावित मचाणाची कमाई सुरू होणार. गिऱ्हाईक गेल्यावर दुकान उघडण्याचा हा प्रकार.

किनाऱ्यावरच्या माणसाने हे ऋतुचक्र फार पूर्वीच ओळखले आहे. जून-जुलैत मासेमारीवर ६१ दिवसांची बंदी असते. कायद्याआधीही होड्या वर ओढून झापांखाली ठेवल्याच जात. गोव्यातली घरे मे महिन्यात सुके बांगडे, सुंगटे, खारे, आमसुले यांचे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात ते त्याचसाठी. आणि हा प्रश्न केवळ किनाऱ्याचा नाही. समुद्रापासून आत असलेल्या डिचोलीलाही तो ठाऊक आहे. आमोणे, सारमानस इथून लोहखनिजाचे बार्ज मांडवीतून मुरगावला जात, तेव्हा पावसाळ्यात आग्वादजवळचा मांडवीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा लाटांमुळे ओलांडता येत नसे. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने वळसा घालून जुवारीत उतरत. समुद्रात सर्वांत जास्त शक्ती असते तेव्हाच त्यात माणसाला काम करता येत नाही, हे खाणवाल्यांच्या वेळापत्रकात लिहिलेले होते.

हीच गोष्ट पवनचक्कीच्या देखभालीला लागू होते, आणि परिसंवादातल्या चित्रांत ती कधीच नसते. समुद्रातल्या पवनचक्कीवर तंत्रज्ञ बोटीतून शिडीवर चढतो. नेहमीच्या बोटींतून हे साधारण दीड मीटरपर्यंतच्या लाटेतच करता येते. गोव्याबाहेरच्या समुद्रात जून ते ऑगस्टमध्ये दीड मीटर ही शांत दिवसाची लाट. जूनच्या दहा तारखेला गिअरमध्ये बिघाड झाला तर तो चतुर्थीपर्यंत तसाच राहण्याची शक्यता मोठी, म्हणजे वर्षाची निम्म्याहून अधिक कमाई गेली. लाटांचे यंत्र तर थेट पाण्यातच हलते. त्याचे सांधे, साखळ्या, नांगर हेच सर्वांत आधी झिजतात. बांधावे लागते ते शतकातल्या सर्वांत मोठ्या लाटेसाठी, आणि पोट भरायचे मधल्या लाटेवर. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात झाडे आणि खांब आडवे केले, आणि पुढच्याच दिवशी मुंबईजवळ पी-३०५ या बार्जचे नांगर तुटून तो बुडाला, साठांहून अधिक माणसे गेली. तो बार्ज तेल उद्योगाचा होता, म्हणजे समुद्रात काम करण्याचा ज्यांचा धंदाच आहे अशांचे. आणि नांगर सुटलेले काही किनाऱ्यावर आले तर काय होते ते कांदोळीने पाहिले आहे. ६ जून २०००ला तिथे रुतलेले 'रिव्हर प्रिन्सेस' जहाज काढायला एक तपाच्या आसपास काळ गेला. मोरजीचा किनारा तर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा. तिथे असे काही येऊन रुतले तर त्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर कोणत्याही प्रस्तावात मी वाचलेले नाही.

इतिहासाकडेही एक नजर टाकू. १९९१ हे साल यासाठी मोठे बोलके आहे. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे जगातले पहिले समुद्री पवनक्षेत्र सुरू झाले: अकरा पवनचक्क्या, एकूण पाच मेगावॅटच्या आत. त्याच वर्षी केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजम इथे आयआयटी मद्रासने लाटांवर चालणारे १५० किलोवॅटचे केंद्र सुरू केले. लाट आत शिरली की बंद कोठीतली हवा दाबली जाते, ओसरली की हवा आत ओढली जाते, आणि दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरणारे 'वेल्स' टर्बाइन त्या हवेवर चालते. रचना सुंदर होती, अभियंते उत्तम होते, जगातल्या आरंभीच्या अशा केंद्रांत त्याची गणना होते. त्याची वीज वापरून खारे पाणी गोडे करण्याचाही प्रयोग तिथे झाला. २०११ मध्ये ते बंद केले. विंडेबीही २०१७ मध्ये काढले, पण तोवर त्याची पिलावळ जगभर पसरली होती. २०२३ अखेर जगातली समुद्री पवनऊर्जा ७५ हजार मेगावॅटपर्यंत गेली. लाटांच्या बाजूला पाहिले तर पोर्तुगालमध्ये २००८ मध्ये लावलेली तीन 'पेलामिस' यंत्रे, मिळून सव्वादोन मेगावॅट, काही महिन्यांतच बंदरात परत आणावी लागली, आणि २०१४ मध्ये कंपनीही बुडाली. पवनऊर्जा जिथे पोचली तिथे लाटऊर्जा पोचलेली नाही. एका तयार आणि एका कच्च्या तंत्राला एका मचाणावर बांधले म्हणजे कच्चे पिकत नाही. तयार असलेल्याचा खर्च आणि जोखीम मात्र वाढते. जोडयंत्रे आजवर प्रयोगाच्या पलीकडे गेली नाहीत, ती त्यामुळेच.

आपल्याच कोकणाचा दाखला घ्या. १९८६ मध्ये भारतात पहिली पवनक्षेत्रे उभारली गेली त्यात रत्नागिरी होते. सिंधुदुर्गात देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या आता सहलीचे ठिकाण म्हणून जास्त ओळखल्या जातात. त्यानंतर महाराष्ट्रातला पवनउद्योग कुठे गेला? साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, सांगलीच्या ढालगावकडे. किनारा सोडून घाटमाथा चढला. देवगडहून पेडणे काही फार दूर नाही.

समुद्रात खूप आत गेले तर वारा बरा मिळतो हे खरे. पण मग प्रश्न पैशाचा होतो. केंद्र सरकारचे समुद्री पवनऊर्जा धोरण २०१५चे. त्याखाली निवडलेली क्षेत्रे गुजरातमध्ये खंबातच्या आखाताबाहेर आणि तमिळनाडूत मन्नारच्या आखातात, कारण वारा तिथे आहे. गोवा त्या यादीत नाही, ते कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. आणि त्या निवडक जागांसाठीही जून २०२४ मध्ये सरकारला १,००० मेगावॅटमागे ७,४५३ कोटींची मदत मंजूर करावी लागली, बंदरांची सुधारणा धरून. म्हणजे मेगावॅटला सात कोटींहून अधिक, आणि ही नुसती मदत. जमिनीवरचा सौर प्रकल्प मेगावॅटला चार-पाच कोटींत पूर्ण उभा राहतो. समुद्री पवनचक्की त्याच क्षमतेत सौरपेक्षा जास्त युनिट देते हे जमेला धरले तरी, एवढी मदत मंजूर करूनही देशाच्या समुद्रात अजून एकही व्यापारी पवनक्षेत्र उभे नाही. चांगल्या वाऱ्याच्या जागी जे अजून जमत नाही ते कमी वाऱ्याच्या जागी, वर लाटांचे यंत्र लावून, आधी जमेल अशी आशा धरण्याला काय म्हणावे?

"पावसाळ्यातली जादा वीज इतर राज्यांना विकू," असेही सांगतात. पण पावसाळ्यात सातारा, कर्नाटक, गुजरात, तमिळनाडू सगळीकडे वारा जोरात असतो. तमिळनाडूत तर त्या हंगामात पवनचक्क्या थांबवायला लावल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे आहेत. धरणेही तेव्हाच भरतात. बाजारात सगळ्यांचा माल एकदम आल्यावर भाव काय मिळतो हे शेतकऱ्याला विचारा. "मग साठवू," तर बॅटरी दुपारची वीज रात्रीला नेते, जुलैची वीज एप्रिलला नेत नाही.

एवढे खंडन केल्यावर प्रतिपक्षाच्या पदरात जे टाकले पाहिजे ते टाकतो. आठ महिने समुद्र अगदी निपचित असतो असे नाही. दक्षिण गोलार्धातल्या दूरच्या वादळांची लांब, बुटकी लाट वर्षभर येत असते. हिवाळ्यात ओमान-इराणच्या बाजूच्या 'शमाल' वाऱ्यांनी उठवलेली लाट गोव्यापर्यंत पोचते, हे दोनापावलच्याच शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले. ती लाट इथल्या वाऱ्याशी बांधलेली नाही, म्हणजे ज्या प्रकारची लाट जोडीला हवी तशीच ती आहे. पण आहे किती? ती काही दिवसांची पाहुणी. वरचा मीटरमागे दोन किलोवॅटचा हिशेब पुन्हा घ्या. पेडण्याचा दहा किलोमीटर किनारा पूर्ण यंत्रांनी अडवला तरी शांत ऋतूत तिथे सगळी मिळून २० मेगावॅट लाट येते. त्यातला पाचवा हिस्सा पकडता आला तर चार. आणि त्यासाठी रापणीचा, होड्यांचा, कासवांचा सगळा दर्या अडवायचा. राज्याची मागणी सहाशे-सातशे मेगावॅटच्या वर जाते. दुपारचा खारा वाराही खरा आहे, हरमलच्या डोंगरावरून पॅराग्लायडर उडतात ते त्याच्याच जोरावर. पण तो ऊन असते तेव्हा वाहतो आणि सूर्य मावळताना पडतो. संध्याकाळी सात ते दहाच्या मागणीला त्याचा उपयोग नाही. त्याच्या वेळेची वीज सौरपट्टी त्याच्याहून स्वस्तात देते.

लाटांचे काम गोव्याने करूच नये असे मी म्हणत नाही. स्पेनमध्ये बास्क किनाऱ्यावर मुत्रिकू बंदराचा लाटरोधक बांध बांधायचाच होता, तर त्याच्या पोटात २०११ मध्ये विळिंजमसारख्याच तत्त्वाची सोळा छोटी टर्बाइने बसवली. तीनशे किलोवॅटच्या आतले ते केंद्र टिकले, कारण बांधाचा खर्च बंदराने आधीच केलेला होता आणि दुरुस्तीला माणूस चालत जाऊ शकतो. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये तुतिकोरिनजवळ समुद्रात उतरवलेले 'सिंधुजा-१' शंभर वॅटचे आहे, आणि ते समुद्रातल्या मोजणीच्या उपकरणांना वीज पुरवण्यासारख्या कामाला योग्य आहे. मुरगावला किंवा एखाद्या मासेमारी जेटीला नवा बांध घालायचा झाला तर त्यात अशी कोठी ठेवावी, दोनापावलच्या संस्थेच्या देखरेखीखाली चालवावी, आकडे जाहीर करावे. ते संशोधन ठरेल, आणि संशोधन म्हणूनच त्याला पैसा मिळावा.

मंडन करायचे तर जोडी लावण्याचे तत्त्व मी सोडत नाही. जोडीदार फक्त बदलायला सांगतो. पावसाळी वाऱ्याला पूरक काय? ज्या आठ महिन्यांत तो नसतो त्या महिन्यांत भरपूर असलेले ऊन. गोव्यात मार्च ते मे सूर्य सर्वांत जास्त देतो, म्हणजे मागणीच्या शिखरालाच. जुलैत तो साधारण निम्म्यावर येतो, पण निम्मा म्हणजे नववा हिस्सा नव्हे. आणि तेव्हाची तूट भरायला घाटमाथ्यावरचा मोसमी वारा असतोच, तो विकत घ्यावा. पठारावरच्या पवनचक्कीला दुरुस्तीला जीपने जाता येते. कोल्हापूरकडून गोव्यात येणाऱ्या २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या आजही आहेत. वाहिनी कोणत्या मार्गाने न्यावी हा मोल्याचा प्रश्न खराच होता, पण तो मार्गाचा होता. समुद्रातून वीज आणली तरी केबल कुठेतरी वर येणार, उपकेंद्र कुठेतरी होणार, आणि तिथून कोलवाळच्या उपकेंद्रापर्यंत खांब पडणारच. फक्त भांडण पेडण्यात होईल.

ऊन कुठे घ्यायचे? इथे डिचोली पुढे येते. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली खाणपट्ट्याचा लिलाव २०२२ मध्ये होऊन तिथे आता पुन्हा उत्खनन सुरू आहे. पण जिथे काम कायमचे संपले तिथे उरले आहेत ते टाकाऊ मातीचे डोंगर, खनिज रचून ठेवायचे सपाट प्लॉट, रिकाम्या जेट्या आणि पाण्याने भरलेले खंदक. पेडण्याच्या दहा किलोमीटर समुद्रातून शांत ऋतूत जी चार मेगावॅट वीज मिळाली असती, ती सरासरीने मिळवायला वीस मेगावॅटचा सौर प्रकल्प पुरतो, आणि त्याला ऐंशी ते शंभर एकर जागा लागते. गोव्यातला एक जुना खाणपट्टा शंभर हेक्टरपर्यंतचा असे. एका पट्ट्याच्या निम्म्याहून कमी जागेत हे बसते.

मात्र इथेही चित्रे रंगवायला नकोत. मातीच्या डोंगराच्या उतारावर सौरपट्ट्या लावायला कोणी सांगितले तर त्याला एक पावसाळा तिथे उभा करावा. ती माती आधीच खालच्या शेतांत वाहून जाते, आणि डिचोलीतल्या शिरगावच्या लोकांनी खाणींपायी विहिरी आटताना पाहिल्या आहेत. उतारांवर झाडेच लावावीत. पट्ट्या लावाव्यात त्या सपाट प्लॉटवर, कारखान्यांच्या आणि गोदामांच्या पत्र्यांवर, आणि ज्या खंदकांचे पाणी टंचाईत उपसून पिण्याला वा शेतीला दिले जाते त्यांच्या पाण्यावर काही भागात, पाण्याची पातळी खालीवर होते हे लक्षात घेऊन. सावली पडली की बाष्पीभवनही कमी होते. गुजरातने २०१२ मध्ये नर्मदेच्या कालव्यावर एक मेगावॅटचा असा प्रयोग केला. तिळारीचे कालवे पेडणे-डिचोलीतून जातात, पण ते फुटण्याच्या बातम्या नित्याच्या. आधी ते नीट बांधावेत, मग त्यांच्यावर छप्पर घालण्याचे बोलावे. आमोण्याच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टीची वाया जाणारी उष्णता वापरून वीज होते. गोव्यातल्या गोव्यात तयार होणाऱ्या विजेचे हे ठळक उदाहरण डिचोलीतच आहे, आणि समुद्राकडे तोंड करून बोलणाऱ्यांना ते आठवत नाही. राहिली घरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटच्या छपरी संचाला ७८ हजार रुपये मिळतात. मांद्र्यातल्या भाड्याच्या खोल्यांवर हा संच एसीच्याच वेळेला वीज देतो. उरलेली संध्याकाळ चार तासांची बॅटरी सांभाळते.

पेडण्याच्या समुद्रात वारा-लाटांच्या जोडप्रकल्पाचा प्रस्ताव घेऊन कोणी आला, मग तो मंत्री असो, परदेशी कंपनी असो वा सद्‌हेतूचा पर्यावरणवादी, तर ग्रामसभेने त्याच्याकडे एकच कागद मागावा. बारा ओळींचा तक्ता. प्रत्येक महिन्याला किती युनिट वीज मिळेल, त्या महिन्यात बोट किती दिवस लागू शकेल, आणि त्या महिन्यात राज्याची मागणी किती असेल. वर्षाची सरासरी सांगितली तर ऐकून घेऊ नये. ऑक्टोबर ते मे या आठ ओळी आधी वाचाव्यात. त्या भरलेल्या नसतील तर प्रस्ताव परत करावा, आणि तेच पैसे डिचोलीच्या प्लॉटवर आणि पेडण्याच्या छपरांवर लावण्याचा ठराव त्याच बैठकीत करावा.